एसएमपीएसचा कनेक्टर ‘बसला’ म्हणजे ‘जुळला’ असं नाही. मदरबोर्ड जळण्याआधी हे तपासा

अकलूज : कॉम्प्युटरचं बटण दाबलं, आतला पंखा फिरला, कॅबिनेटचा दिवा लागला, पण स्क्रीन काळीच. अशा वेळी ‘मदरबोर्ड गेला’ असं निदान चटकन होतं आणि हजारो रुपयांचा खर्च डोळ्यांसमोर उभा राहतो. पण कैक वेळा बोर्ड शाबूत असतो. एसएमपीएसमधून प्रोसेसरकडे जाणारी चार वायरींची एक छोटी पिन लावायची राहिलेली असते, एवढंच. आणि याच्या उलटही घडतं. बोर्ड चांगला असतो, एसएमपीएस नवा असतो, कनेक्टर जोर लावून बसवला जातो आणि बटण दाबताच जळका वास येतो.

माळशिरस तालुक्यात आता गावोगावी कॉम्प्युटर आहे. सेवा केंद्र, झेरॉक्सचं दुकान, पतसंस्था, फ्लेक्सवाला, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारा स्टुडिओ, शाळेची लॅब आणि अकलूज, शंकरनगर, माळीनगरला शिकणाऱ्या मुलांच्या खोल्या. यातले सगळे कॉम्प्युटर शोरूममधून नवे आलेले नसतात. पुण्या-मुंबईच्या ऑफिसांतून निघालेले सेकंडहँड डबेही यात भरपूर. लाइट सतत जाते-येते, व्होल्टेज कमी-जास्त होतं, त्यामुळे आधी दगावतो तो बहुतेक एसएमपीएसच. मग पीक विम्याची शेवटची तारीख असो की कॉलेज प्रवेशाचा फॉर्म, घाईघाईत मिळेल तो एसएमपीएस आणून जोडला जातो. ‘पिन बसतेय ना, मग चालतंय’ हे वाक्य याच घाईतलं, आणि बोर्डाला सर्वांत महाग पडणारंही हेच.

आत नेमकं येतं काय?

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटच्या मागच्या बाजूला बसवलेला, पंखा असलेला लोखंडी डबा. भिंतीतून येणारी २३० व्होल्टची एसी लाइट आत घेऊन तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टची डीसी तयार करतो. वेगवेगळ्या भागांना वेगवेगळं व्होल्टेज लागतं, म्हणून त्यातून वायरींचा एवढा मोठा जुडगा बाहेर पडतो. त्या वायरींच्या टोकाला जे प्लास्टिकचं डोकं असतं तो कनेक्टर. तो बोर्डावर जिथं बसतो ते सॉकेट.

शेतातल्या मोटरीला फेज उलटसुलट लागली तर मोटर उलटी फिरते. दोन वायरी बदलल्या की काम भागतं. मदरबोर्डाला अशी दुसरी संधी मिळेलच असं नाही. ३.३ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले तर त्या वाटेवरच्या चिप्स क्षणात जळू शकतात, मग बोर्ड कितीही भारी कंपनीचा असो.

वायरींचे रंग ठरलेले आहेत. पिवळी १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची, केशरी ३.३ व्होल्टची आणि काळी म्हणजे ग्राउंड. जांभळ्या वायरीत ५ व्होल्ट कायम असतात, कॉम्प्युटर बंद असला तरी. भिंतीतलं बटण चालू आहे तोवर बोर्डात वीज आहे, ती या वायरीमुळे. म्हणून ‘कॉम्प्युटर शटडाउन केलाय’ एवढ्यावर विसंबून पिना काढू-घालू नयेत, प्लगच उपसून ठेवावा. हिरवी वायर म्हणजे एसएमपीएस चालू करण्याचा इशारा. बटण दाबलं की बोर्ड हीच वायर ग्राउंडला जोडतो. राखाडी वायरीतून एसएमपीएस बोर्डाला ‘व्होल्टेज स्थिर झालंय, आता सुरू हो’ असं कळवतो. निळी उणे १२ व्होल्टची, तिचं काम आता जवळपास उरलेलं नाही.

मोठी पिन : २० की २४?

बोर्डाच्या कडेला जे सगळ्यांत लांब सॉकेट असतं ते मुख्य. इंटेलने १९९५ साली एटीएक्स नावाचं मानक आणलं, तेव्हा या सॉकेटमध्ये २० पिना होत्या, दोन रांगांत दहा-दहा. पुढे नव्या प्रकारच्या ग्राफिक्स कार्डांना जास्त वीज लागू लागली आणि २००३ मध्ये मानकात २४ पिना आल्या. वाढलेल्या चार पिनांत एक पिवळी, एक लाल, एक केशरी आणि एक काळी अशा वायरी असतात. दुकानात ‘२०+४’ म्हणतात तो कनेक्टर म्हणजे हेच दोन तुकडे. जुना बोर्ड असेल तर चारचा तुकडा बाजूला सरकवायचा, नवा असेल तर दोन्ही जोडून एकत्र बसवायचे.

जुना २० पिनांचा एसएमपीएस २४ पिनांच्या बोर्डात बसतो, आणि पुष्कळदा चालतोही. मग अडचण काय? २० पिनांच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टची पिवळी वायर एकच असते, २४ मध्ये दोन. साधा टायपिंगचा कॉम्प्युटर असेल तर एका वायरीवर निभावतं. पण बोर्डावर ग्राफिक्स कार्ड बसवलं, चार-पाच पंखे लावले, की सगळा भार त्या एकाच पिनेवर येतो. पाच एचपीच्या मोटरीला बारीक केबल ओढल्यावर केबलचं जे होतं तेच इथं होतं. पिन तापते, प्लास्टिक पिवळं पडतं, मग तपकिरी, मग चिकटतं. हे एका दिवसात होत नाही. सहा महिने व्यवस्थित चाललेला कॉम्प्युटर एके दिवशी मध्येच बंद पडू लागतो आणि दोष व्हायरसला दिला जातो.

नव्या एसएमपीएसच्या २४ पिनांच्या कनेक्टरमध्ये एक भोक रिकामं दिसतं. तिथं पूर्वी उणे ५ व्होल्टची पांढरी वायर असे. तिची गरज संपली म्हणून ती काढून टाकलेली आहे. एक वायर तुटलेली आहे असं समजून एसएमपीएस परत करायला जाण्याचं कारण नाही. मात्र इतर कुठलं भोक रिकामं दिसलं, तर दुकानदाराला जरूर विचारावं.

एटीएक्सच्या आधीचे बोर्ड हाताळलेल्या जुन्या मेकॅनिकना आणखी एक गोष्ट आठवत असेल. त्या काळच्या एटी बोर्डांना पी-८ आणि पी-९ असे सहा-सहा पिनांचे दोन वेगळे कनेक्टर असत. दोन्ही एकसारखे दिसत. काळ्या वायरी मध्यभागी एकमेकींना चिकटून आल्या पाहिजेत, हा एकच नियम. अदलाबदल झाली की बोर्ड गेला. त्या अनुभवातूनच एटीएक्समध्ये एकच मोठा कनेक्टर आणि चौकोनी-गोलसर खाचांची कुलुपं आली. पण ही कुलुपं प्लास्टिकची आहेत. माणसाच्या अंगठ्यात त्यांच्यापेक्षा जास्त जोर असतो, आणि स्वस्त एसएमपीएसचं प्लास्टिक तर मऊच असतं.

चौकोनी चार पिना : सगळा घोळ इथंच

प्रोसेसर साधारण एका व्होल्टवर चालतो, पण वीज भरपूर खातो. ती त्याला थेट मिळत नाही. एसएमपीएसमधून १२ व्होल्ट येतात आणि प्रोसेसरच्या शेजारी जी काळी-करडी चौकोनी कॉइलची रांग दिसते, तिथं ते उतरवले जातात. यासाठी २००० साली, पेंटियम ४ च्या वेळी, चार पिनांचा वेगळा चौकोनी कनेक्टर आला. दोन पिवळ्या, दोन काळ्या. त्याचं सॉकेट मोठ्या सॉकेटपासून लांब, प्रोसेसरच्या जवळ, बहुतेक वरच्या कोपऱ्यात असतं. कॅबिनेटच्या आड ते लपतं, म्हणूनच लावायचं राहतं.

तो लावला नाही तर मोठ्या पिनेतून आलेल्या विजेवर पंखे फिरतात, दिवा लागतो, पण प्रोसेसरला वीजच नाही. सुरुवातीला सांगितलेली काळी स्क्रीन ती हीच. रॅम पुसण्याआधी, बोर्ड काढून दुचाकीवरून अकलूजला आणण्याआधी, हा कोपरा टॉर्च मारून एकदा पाहावा. फुकटात काम झालेले लोक गावोगावी भेटतील.

आता घोळाची गोष्ट. ‘२०+४’ मधला जो सुटा चारचा तुकडा आहे, तोही चौकोनीच दिसतो. आकार तोच, पिनाही चारच. काही जण तो प्रोसेसरच्या सॉकेटमध्ये कोंबतात. खाचा जुळत नाहीत, म्हणून आणखी जोर लावतात. त्या तुकड्यात पिवळी, केशरी, लाल, काळी अशा चार वेगळ्या वायरी आहेत, आणि प्रोसेसरच्या सॉकेटला हवेत फक्त १२ व्होल्ट व ग्राउंड. म्हणजे ३.३ आणि ५ व्होल्टच्या वायरी १२ व्होल्टला किंवा ग्राउंडला भिडतात. चांगला एसएमपीएस शॉर्ट ओळखून स्वतः बंद होतो. साधा असेल तर दोन्हींपैकी काय वाचेल याचा नेम नाही.

ओळखायची खूण सोपी आहे. प्रोसेसरच्या कनेक्टरमध्ये पिवळ्या आणि काळ्या सोडून तिसरा रंग नसतो. तिसरा रंग दिसला की थांबायचं.

तिसराही एक चार पिनांचा कनेक्टर असतो. तो चौकोनी नसून एका रांगेत असतो, पिवळी, दोन काळ्या, लाल. त्याला सगळे मोलेक्स म्हणतात. जुन्या हार्ड डिस्क आणि पंख्यांसाठी तो वापरतात. म्हणून दुकानात फोन करून ‘चार पिनवाला द्या’ एवढंच सांगणं धोक्याचं. फोटो पाठवलेला बरा.

नव्या बोर्डांवर प्रोसेसरसाठी चारऐवजी आठ पिनांचं सॉकेट असतं. एसएमपीएसला ‘४+४’ असेल तर दोन्ही लावावेत. फक्त चार असतील तरी खाचा जुळतील त्या अर्ध्या भागात ते बसवता येतात, आणि साध्या, कमी वीज खाणाऱ्या प्रोसेसरवर असे बोर्ड बहुधा चालतात. ६५ वॅटच्या प्रोसेसरला १२ व्होल्टवर साडेपाच अँपियरच्या आसपास करंट लागतो, तो दोन वायरींना झेपतो. जास्त ताकदीचा प्रोसेसर असेल, व्हिडिओ एडिटिंगला तासन्‌तास पूर्ण जोराने चालत असेल, तर मात्र आठच्या आठ पिना हव्यात.

दोन्ही आठ पिनांचे, पण एकमेकांचे वैरी

स्टुडिओवाले आणि गेम खेळणारी पोरं यांच्यासाठी हा भाग सर्वांत महत्त्वाचा. ग्राफिक्स कार्डाच्या डोक्यावरही सहा किंवा आठ पिनांचं सॉकेट असतं. त्याचा आठ पिनांचा कनेक्टर आणि प्रोसेसरचा आठ पिनांचा कनेक्टर लांबून अगदी जुळे भाऊ वाटतात. पण वायरी नेमक्या उलट्या आहेत. प्रोसेसरच्या कनेक्टरमध्ये चार पिवळ्या, चार काळ्या, आणि पिवळ्या वायरी क्लिपच्या बाजूला. ग्राफिक्सच्या कनेक्टरमध्ये तीन पिवळ्या, पाच काळ्या, आणि क्लिपच्या बाजूला काळ्या. एकाच्या जागी दुसरा घुसवला तर १२ व्होल्ट सरळ ग्राउंडला शॉर्ट.

फुटतो कसा, यावरूनही तो ओळखता येतो. प्रोसेसरचा चार आणि चार असा फुटतो, ग्राफिक्सचा सहा आणि दोन असा. आजकाल महागड्या एसएमपीएसच्या सगळ्या वायरी काळ्याच येतात, दिसायला छान म्हणून. तिथं रंगाचा उपयोग नाही. त्यांच्या कनेक्टरवर बारीक अक्षरांत ‘सीपीयू’ किंवा ‘पीसीआय-ई’ असं कोरलेलं असतं, ते मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करून वाचावं.

कार्डाला कुठली पिन लागते हेही खरेदीआधीच पाहायला हवं. बोर्डाच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते. त्याहून जास्त लागत असेल तर सहा पिनांमधून आणखी ७५, आठ पिनांमधून १५०. वरून एकही पिन न लागणारी छोटी कार्डंही मिळतात, आणि जुन्या एसएमपीएसवर तीच घेणं शहाणपणाचं.

सेकंडहँड ब्रँडेड डबा : वेगळंच गणित

आपल्याकडे जास्तीत जास्त फसगत होते ती इथं. कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले डेल ऑप्टिप्लेक्स, एचपीचे एलिटडेस्क आणि प्रोडेस्क, लेनोवोचे थिंकसेंटर असे डबे स्वस्तात मिळतात आणि मजबूतही असतात. दोष त्यांच्यात नाही. फक्त त्यातल्या अनेक मॉडेलना २४ पिनांचं सॉकेटच नसतं. ऑप्टिप्लेक्सच्या कित्येक मॉडेलमध्ये मुख्य सॉकेट आठ पिनांचं आहे, एचपीच्या कित्येक बोर्डांत सहा पिनांचं, थिंकसेंटरमध्ये काहींत १४ तर काहींत १० पिनांचं. हार्ड डिस्कला जाणारी वीजही यातल्या पुष्कळ डब्यांत एसएमपीएसमधून न येता बोर्डावरूनच एका छोट्या वायरीने जाते.

म्हणजे डेलचं मोठं सॉकेट आठ पिनांचं, साध्या बोर्डाचं प्रोसेसरचं सॉकेट आठ पिनांचं, आणि ग्राफिक्स कार्डाचंही आठ पिनांचं. तिन्ही आठ, पण तिन्हींची मांडणी वेगळी. ‘आठ पिन आहे, लावून बघू’ हे या डब्यांत कधीच करू नये.

दिसायला सारखं पण आतून वेगळं, याचं जुनं उदाहरणही डेलचंच आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या काही कॉम्प्युटरमध्ये कनेक्टर हुबेहूब एटीएक्ससारखा होता, सॉकेटमध्ये बिनबोभाट बसायचा, पण वायरींचा क्रम वेगळा होता. बाजारातला साधा एसएमपीएस लावला की नुकसान ठरलेलं.

अशा डब्याचा एसएमपीएस गेला तर सर्वांत खात्रीचा रस्ता एकच. जुन्या एसएमपीएसच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर वाचायचा आणि त्याच नंबरचा दुसरा शोधायचा. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली इथल्या बाजारांत, आणि ऑनलाइनही, असे काढीव एसएमपीएस मिळतात. डेलच्या डब्यावर सात अक्षर-अंकांचा सर्व्हिस टॅग असतो. तो कंपनीच्या वेबसाइटवर टाकला की नेमकं मॉडेल कळतं. पार्ट नंबर जुळला की आकारही जुळतो. नाहीतर साधा एटीएक्स एसएमपीएस त्या छोट्या कॅबिनेटमध्ये मावतच नाही, आणि मग तो टेबलावर उघडा ठेवून वायरी आत ओढण्याचे प्रकार होतात. लहान मुलं असलेल्या घरात तर असं अजिबात करू नये.

दुसरा रस्ता अडॅप्टरचा. २४ पिनांवरून ८, ६, १० किंवा १४ पिनांवर आणणारी छोटी केबल मिळते. ती त्या नेमक्या मॉडेलसाठीच बनवलेली असेल तर चालते. पण दोन डेल अडॅप्टर एकसारखेच असतील असं धरून चालू नये. काही ब्रँडेड बोर्डांना बंद अवस्थेतही ५ ऐवजी ११-१२ व्होल्ट लागतात. त्यासाठीच्या अडॅप्टरमध्ये व्होल्टेज वाढवणारं छोटं सर्किट बसवलेलं असतं. त्याच्या जागी नुसती वायर जोडलेला अडॅप्टर आणला तर कॉम्प्युटर सुरू होत नाही. आणि वायरी कापून, ‘पिवळीला पिवळी’ पिळून, वर चिकटपट्टी गुंडाळणं हा तर जुगाडसुद्धा नाही.

अडॅप्टर म्हणजे पाइपचा रिड्यूसर

तीन इंची पाइपला रिड्यूसर लावून अर्ध्या इंची पाइप जोडता येतो, म्हणून अर्ध्या इंचातून तीन इंचांचं पाणी येत नाही. कनेक्टर बदलणाऱ्या केबलचंही तसंच. तोंड बदलतं, मागची ताकद तीच राहते.

बाजारात सर्रास मिळणारी एक केबल साटा पिनेवरून ग्राफिक्स कार्डाच्या सहा पिना काढून देते. साटा म्हणजे हार्ड डिस्कला लागणारी चपटी पिन. तिच्यात १२ व्होल्टसाठी तीन बारीक पत्र्या असतात, प्रत्येकी दीड अँपियरच्या. म्हणजे साडेचार अँपियर, १२ ने गुणले की ५४ वॅट. आणि सहा पिनांचं कार्ड ७५ वॅटपर्यंत मागू शकतं. हिशोब तोंडीच चुकतो. अशी केबल कार्डाच्या खोक्यात फुकट आली असली तरी लावू नये.

मोलेक्सवरून साटा करणारी केबल हार्ड डिस्कसाठी चालते, पण घेताना तिचं काळं डोकं नीट पाहावं. ज्यात वायरी प्लास्टिकमध्येच ओतून बंद केलेल्या असतात, त्या हलक्या प्रतीच्या केबलमध्ये आतल्या वायरी सरकून शॉर्ट होण्याचे आणि पेट घेण्याचे प्रकार झालेले आहेत. ज्यात प्रत्येक वायर वेगळ्या खाचेत दाबून बसवलेली दिसते, ती जास्त भरवशाची. किमतीतला फरक चहा-भज्यांइतका, आणि पणाला लागलेली असते ती सगळी हार्ड डिस्क.

आणखी एक सापळा केबल सुट्या होणाऱ्या एसएमपीएसचा. यात सगळ्या केबल डब्यापासून वेगळ्या काढता येतात. बोर्डाकडचं तोंड सगळ्यांचं सारखं असतं, पण डब्याकडच्या तोंडाला कुठलंही एक मानक नाही. कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही, पिनांचा क्रम बदलतो. मित्राच्या एसएमपीएसची केबल आपल्या डब्यात बसली आणि हार्ड डिस्क जळून सगळे फोटो गेले, असं होऊ शकतं. केबल हरवली तर त्याच मॉडेलची मागवावी.

४५० वॅट, पण कशावर?

कनेक्टर बरोबर असून भागत नाही, त्यामागं वीजही हवी. डब्यावर मोठ्या अक्षरांत ४५० लिहिलेलं असतं. स्टिकरवरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपियर लिहिलेत ते वाचावं. तिथं १६ असेल तर १६ गुणिले १२, म्हणजे १९२ वॅट. आजच्या कॉम्प्युटरची भूक मुख्यतः १२ व्होल्टवरच असते, त्यामुळे खरा आकडा हा. साध्या कामाला तेवढा पुरतोही. ज्या एसएमपीएसवर असा तक्ताच नाही, तो परत द्यावा. बीआयएसची खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नंबर असेल तर तो ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून दुकानातच तपासता येतो.

काही जुन्या डब्यांच्या मागं ११५ आणि २३० असा लाल रंगाचा छोटा खटका असतो. तो चुकून ११५ वर राहिला आणि आपली २३० ची लाइट दिली, की मोठा आवाज होऊन खेळ खल्लास. सेकंडहँड माल घेताना हा खटका आधी बघावा.

दुकानात जाण्याआधी मोबाइलवर एवढं

प्लग उपसून कॅबिनेट उघडावं आणि तीन फोटो काढावेत. मोठ्या सॉकेटचा, प्रोसेसरजवळच्या सॉकेटचा आणि जुन्या एसएमपीएसच्या स्टिकरचा. सॉकेटच्या पिना दोन्ही रांगांत मोजता येतील इतका फोटो स्पष्ट हवा. बोर्डावर छापलेलं मॉडेलचं नाव चौथ्या फोटोत आलं तर उत्तमच, त्या नावावरून कंपनीचं माहितीपुस्तक इंटरनेटवर मिळतं आणि कुठं कुठली पिन लागते ते चित्रासकट कळतं. हे फोटो दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवले की नातेपुत्याहून किंवा पिलीवहून अकलूजला दोन फेऱ्या मारायची वेळ येत नाही. बिलावर एसएमपीएसचं मॉडेल आणि वॉरंटी लिहून घ्यावी.

नवा एसएमपीएस बोर्डाला लावण्याआधी तपासता आला तर फार बरं. गावातल्या मोटर वायंडिंगवाल्याकडे किंवा इलेक्ट्रिशियनकडे मल्टीमीटर असतोच. कनेक्टर कशालाही न जोडता हिरवी आणि शेजारची काळी वायर कनेक्टरच्या तोंडातून एका तारेने जोडली की एसएमपीएस सुरू होतो. मग पिवळीवर ११.४ ते १२.६, लालवर ४.७५ ते ५.२५ आणि केशरीवर ३.१४ ते ३.४७ व्होल्ट यायला हवेत. काही एसएमपीएस भार नसताना सुरू होत नाहीत, तेव्हा एखादी जुनी, टाकाऊ हार्ड डिस्क किंवा पंखा जोडून पाहावं. हे सगळं करताना एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नये. आत सुमारे ३२५ व्होल्ट डीसी कपॅसिटरमध्ये साठलेली असते आणि प्लग काढल्यावरही ती काही वेळ तशीच राहते.

कनेक्टर लावताना क्लिप आणि सॉकेटवरचा आकडा समोरासमोर आणावा, सरळ दाबावं, ‘टक्’ असा आवाज यायला हवा. २४ पिनांच्या कनेक्टरला थोडा जोर लागतोच, पण तो सगळीकडे सारखा. एका बाजूला अडून दुसरीकडे वर राहत असेल तर काढून पुन्हा पाहावं. काढताना क्लिप दाबून डोकं धरून काढावं, वायरी ओढून नव्हे.

आणि जुना कनेक्टर काढल्यावर त्याचं एखादं भोक किंवा सॉकेटमधली एखादी पिन तपकिरी पडलेली दिसली, तर नुसता एसएमपीएस बदलून उपयोग नाही. जळकी पिन सैल होते, नव्या कनेक्टरची पकड तिच्यावर नीट बसत नाही, तीच जागा पुन्हा तापते आणि नव्या एसएमपीएसचं डोकंही काही दिवसांत तसंच काळं पडतं. सोल्डरिंगचं काम येणारा मेकॅनिक बोर्डावरचं तेवढं सॉकेट काढून दुसरं बसवून देतो. एसएमपीएस आणायला निघताना त्या पिनेचा फोटोही सोबत असू द्यावा.